नांदायला जाणार नाही: रखमाबाईंचा खटला पुन्हा वाचताना

मराठीत लग्न झालेली बाई नांदते आणि नवरा तिला नांदवतो. क्रियापद एकच, पण तिच्या वाट्याला साधं रूप आणि त्याच्या वाट्याला प्रयोजक. मंगलाष्टकांत ‘नांदा सौख्यभरे’ दोघांना उद्देशून म्हणतात खरं, पण अक्षता पडून गेल्या की नांदायचं काम एकटीचं होतं. घरजावई झालेला पुरुषसुद्धा सासरी ‘नांदत’ नाही. तो तिथे राहतो, फार तर तुकडे मोडतो. कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात चहाच्या टपरीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे क्रियापद कानावर येतं: ‘मी नांदवायला तयार आहे साहेब, तीच येत नाही.’

या क्रियापदावर मुंबई हायकोर्टात चार वर्षं एक खटला चालला. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, १८८४ ते १८८८. बालविवाह, संमतिवय, सुरुवातीच्या स्त्री डॉक्टर या वाटांनी हा खटला मराठी वाचकाला बहुतेकदा भेटलेला असतो. मी तो इथे दुसऱ्याच प्रश्नासाठी उघडतो आहे. स्त्री-पुरुषाने एकत्र राहणं ही निसर्गाची गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. मग ती घडवून आणायला समन्स, वकिलांची फी, दोन अपीलं आणि सहा महिन्यांच्या तुरुंगाचा धाक का लागला?

लिंगभाव आणि लैंगिकता हा विषय शिकवायला घेतला की वर्गाची अपेक्षा असते, आता समलिंगी लोकांबद्दल बोलणं होणार, तृतीयपंथीयांबद्दल होणार. बहुसंख्यांचं जे चालतं त्याचा अभ्यास कसला करायचा? ते तर असतंच, पाऊस पडतो तसं. या समजाला अलीकडच्या काळात मोठा धक्का दिला तो अमेरिकन कवयित्री एड्रिएन रिच यांनी. १९८० च्या एका निबंधात त्यांनी भिन्नलिंगी असण्याला एक संस्था म्हटलं, आणि तीही सक्तीची. बायका पुरुषांकडे आपसूक वळतात असं असेल, तर त्यांना वळवण्यासाठी एवढा बंदोबस्त का, असा त्यांचा साधारण रोख होता. गंमत म्हणजे ‘हेटरोसेक्शुअल’ हा शब्दही काही सनातन नाही. कार्ल मारिया केर्टबेनी यांच्या १८६८ मधल्या एका जर्मन पत्रात तो येतो. रखमाबाई १८६४ च्या. म्हणजे शब्द त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. पुढे १९२३ च्या मोठ्या वेबस्टर कोशात तो आला तेव्हाही अर्थ दिला होता विरुद्ध लिंगाविषयीची रोगट कामवासना. ‘हेच नॉर्मल’ असा अर्थ त्याला नंतरच्या आवृत्तीत मिळाला.

शब्द नवा असला तरी बंदोबस्त जुना होता. तो कसा चालायचा हे बघायला रखमाबाईंच्या घरात शिरावं लागतं.

घर आणि मिळकत

आई जयंतीबाई. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी मुलगी, सतराव्या वर्षी वैधव्य. जात सुतार, आणि या जातीत विधवेला दुसरं लग्न करता येत असे. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सखाराम अर्जुन विधुर होते, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतिशास्त्रातले जाणकार, आणि १८८३ मध्ये मुंबईत जी नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तिच्या संस्थापकांतले एक.

दुसऱ्या लग्नाआधी जयंतीबाईंनी एक गोष्ट केली आणि पुढच्या सगळ्या गोष्टीला तिचा संदर्भ आहे. पहिल्या नवऱ्याची मिळकत त्यांनी मुलीच्या नावावर केली. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेचं लग्न वैध ठरवलं, पण पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपेल अशी तरतूदही त्याच कायद्यात होती. ज्या कायद्याचं आपण पाठ्यपुस्तकात कौतुक वाचतो, त्याच्या पोटात हे कलम आहे. नवी शय्या हवी तर जुनी जमीन सोड. कामना आणि जमीनजुमला एकाच दोरीने बांधलेले असतात ते असे.

रखमा अकरा वर्षांची झाली तेव्हा तिचं लग्न लावलं. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस-वीस वर्षांचा, सावत्र वडिलांच्या नात्यातला. ठरलं होतं ते असं: मुलगी सासरी जाणार नाही, मुलगाच इथे राहील, शिकेल, ‘चांगला माणूस’ होईल. म्हणजे हे लग्न रूढ साच्याच्या उलटं होतं. मालमत्ता बायकोची, घर बायकोच्या आईवडिलांचं, आणि घडवायचं ते नवऱ्याला. काही महिन्यांत मुलीला न्हाण आलं, रीतीप्रमाणे गर्भाधानाचं बोलणं निघालं. सखाराम अर्जुन डॉक्टर होते. एवढ्या लहान वयात शरीरसंबंध नको, असं त्यांनी सरळ सांगितलं. दादाजींना ते रुचलं नाही. शिकणंही जमलं नाही. ते मामाच्या घरी राहायला गेले. त्या घरात मामाची ठेवलेली बाई राहत होती आणि त्याच्या बायकोने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, असं रखमाबाईंच्या बाजूने पुढे सांगितलं गेलं. बारा वर्षांच्या मुलीने त्या घरी जायला नकार दिला आणि सावत्र वडिलांनी तिला पाठिंबा दिला.

मधली आठ-नऊ वर्षं फार महत्त्वाची आहेत आणि खटल्याच्या गोष्टीत ती नेहमी उडी मारून ओलांडली जातात. रखमा माहेरी राहिली. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं आणून वाचत राहिली. घरी सुधारक मंडळींची ये-जा होती. लग्न झालेलं, पण नवरा नाही. कुंकू आहे, पण सासर नाही. ज्या वयात तिच्या बरोबरीच्या मुली दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या होत्या, त्या वयात तिला स्वतःचा वेळ मिळाला. नकार हा एका क्षणात उमलत नाही, त्याला जागा लागते. ही जागा घरजावयाच्या फसलेल्या व्यवस्थेने, आईच्या दुसऱ्या लग्नाने आणि नावावरच्या मिळकतीने तयार केली होती.

दादाजींचं काय

या प्रकरणात दादाजींना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. गरीब घरचा मुलगा. लग्नात त्याला मिळालेली भूमिका त्याच्या जगात पुरुषाला शोभणारी नव्हती. बायकोच्या घरी राहायचं, सासऱ्याने सांगितलेलं शिकायचं, आणि नवरेपण मात्र स्थगित. ज्या समाजात बायको नांदवणं हीच मर्दपणाची सनद, तिथे न नांदणारी बायको म्हणजे रोजची मानहानी. १८८७ मध्ये त्यांनी आपली बाजू छापून प्रसिद्ध केली. तिचा सूर असा की बायको मुळात वाईट नाही, तिच्या आईला आणि आजोबांना मिळकत हातची जाऊ द्यायची नाही म्हणून हा खेळ. रखमाबाईंनी त्याला छापील उत्तर दिलं.

मिळकतीचा संशय दोन्ही बाजूंनी घेतला गेला, आणि दोन्ही बाजू काही अगदी खोट्या नसाव्यात. माझ्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी बाब वेगळी आहे. दादाजींच्या म्हणण्यात रखमाबाईंची स्वतःची इच्छा नावाची वस्तूच नाही. ती नाही म्हणते याचा अर्थ तिला कुणीतरी शिकवलंय. बाईचा नकार ऐकू येण्यासाठी आधी तिला इच्छा आहे असं मानावं लागतं, आणि ते मानायला त्यांच्याकडे भाषा नव्हती.

तीन निकाल

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवून बायकोला घरी धाडा असं कळवलं. नकार आला. मग त्यांनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. निकाल लागण्याआधीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी जूनमध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर एक पत्र आलं. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’. त्या रखमाबाई होत्या.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्हे यांच्यापुढे सुनावणी झाली आणि २१ तारखेला त्यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा शब्दाचा होता. पुनःस्थापना म्हणजे आधी असलेलं पुन्हा सुरू करणं. हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, तर पुन्हा सुरू काय करायचं? तुम्ही मागता आहात ती पुनःस्थापना नाही, स्थापना आहे. आणि नावडत्या पुरुषाकडे जाऊन त्याने इच्छेविरुद्ध संग करावा म्हणून एका तरुण बाईला भाग पाडणं हे रानटी, क्रूर आणि किळसवाणं ठरेल. पिन्हे यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: असा दावा ही मूळची इंग्रजी चीज आहे, हिंदू कायद्यात तिचा दाखला नाही.

इथे थांबायला हवं, कारण पुढचा सगळा गदारोळ या वाक्याकडे पाठ फिरवून झाला. वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना हा उपाय इंग्लंडातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयांतून आला. इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा तो बरोबर आला आणि १८६७ मध्ये एका मुस्लिम जोडप्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, तो इथल्या लोकांना लागू होतो असं मान्य केलं. बायको आली नाही तर तुरुंग, ही तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत होती. आणि नेमक्या १८८४ सालीच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, इंग्लंडच्या संसदेने आपल्या देशात या नकारासाठीची कैद रद्द केली. निमित्त जॉर्जिना वेल्डन या बाईंचं. त्यांनी नवऱ्याविरुद्ध असा हुकूमनामा मिळवला होता. नवरा परतायला तयार नव्हता. एक प्रतिष्ठित गृहस्थ बायकोकडे राहत नाही म्हणून गजाआड जाणार अशी वेळ आली, तेव्हा संसद तातडीने हलली. मुंबईत बाई गजाआड जायची वेळ आली तेव्हा मात्र तोच कायदा जागच्या जागी शाबूत होता.

पिन्हे यांच्या निकालाविरुद्ध दादाजी अपिलात गेले. मार्च १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवला. स्थापना आणि पुनःस्थापना हा भेद त्यांना पटला नाही. लग्न झालं आहे ना, मग एकत्र राहण्याचं कर्तव्य त्यातच आलं. प्रकरण पुन्हा खाली आलं आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कळवलं की त्या कैद पत्करतील.

सार्जंट-बेली निकालाची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, पण अभ्यासासाठी मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पिन्हे सहानुभूतीने बोलले म्हणून ते लक्षात राहतात. सार्जंट आणि बेली यांनी मात्र व्यवस्थेचं यंत्र उघडून दाखवलं. त्यांच्या तर्कात आधीचा सहवास लागत नाही, ओढ लागत नाही, ओळखसुद्धा लागत नाही. लग्न या विधीतूनच देहावरचा हक्क निघतो, आणि तो बजावून घ्यायला राज्य पाठीशी उभं राहतं. स्त्री-पुरुष आकर्षणावर संसार उभा असतो असं म्हणणाऱ्याने हा निकाल जरूर वाचावा. त्यात आकर्षणाला कुठेही जागा नाही.

कुणाचा धर्म, कुणाची रीत

पिन्हे यांच्या निकालानंतर वर्तमानपत्रं पेटली. टिळकांची पत्रं दादाजींच्या बाजूने उभी राहिली. हिंदू धर्म धोक्यात, इंग्रजी शिक्षणाने बायका बिघडतात, हा सूर होता. दुसऱ्या बाजूला पारशी पत्रकार-सुधारक बेहरामजी मलबारी आणि रखमाबाईंच्या बचावासाठी निघालेली समिती होती. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. १८८७ मध्ये त्यांनी लिहिलं त्याचा भाव असा: बलाढ्य हिंदू कायदा, समर्थ ब्रिटिश सरकार, कोट्यवधी पुरुष आणि तेहतीस कोटी देव हे सगळे एकजूट करून एका असहाय बाईला चिरडायला निघाले असताना तिने आवाज काढला, याचंच नवल. रमाबाईंच्या या यादीत सरकार आणि देव एकाच रांगेत बसले आहेत, हे मला नेहमी थक्क करतं. हिंदू पुरुष आणि गोरं सरकार एरवी एकमेकांच्या विरोधात. बाई नांदवण्याच्या प्रश्नावर त्यांचं गुळपीठ जमलं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं.

धर्मरक्षक मंडळी ज्या हत्यारासाठी लढत होती ते इंग्लंडच्या चर्चचं होतं, हे वर आलंच. पण आणखी एक पदर आहे. हा सगळा वाद ‘हिंदू विवाह’ या नावाने झाला. लग्न म्हणजे अतूट संस्कार, बाई एकदाच दिली जाते, वगैरे. ज्या घरात हा वाद होता ते घर मात्र सुतारांचं. तिथे आईचा पुनर्विवाह सर्वांदेखत झाला होता. पाट, म्होतूर, काडीमोड, सोडचिठ्ठी हे शब्द महाराष्ट्रातल्या कित्येक जातींच्या रोजच्या व्यवहारातले. उच्च जातींचा आदर्श इंग्रजी न्यायालयाच्या चौकटीतून गेला आणि साऱ्यांचा ‘हिंदू विवाह’ होऊन बाहेर पडला. भिन्नलिंगी संबंधांची एकच एक नैसर्गिक रीत असते हा भ्रम अशा ठिकाणी तयार होतो. लोकांच्या हातात अनेक रीती होत्या, त्यांतली एक सरकारी झाली.

अकरा आणि एकोणीस

सुधारकांनी हा प्रश्न वयाचा केला. ते समजण्यासारखं आहे. वय मोजता येतं, कायद्यात घालता येतं. पुढे कलकत्त्यातल्या फुलमणी दासी या लहान मुलीचा नवऱ्याच्या संभोगाने मृत्यू झाला आणि १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर गेलं. तेही केवढ्या आकांताने.

पण रखमाबाईंच्या खटल्यात वय हे उत्तर नव्हतं, आणि त्याचा एक चमत्कारिक पुरावा आहे. बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरच्या मलबारींच्या टिपणांवर जोतीराव फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपलं मत दिलं. मुलगा एकोणीस आणि मुलगी अकरा वर्षांची होण्याआधी लग्न लावू नये, लावलं तर पालकांवर कर बसवावा, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे रखमा आणि दादाजी यांचं लग्न जोतीरावांच्या प्रस्तावातही बसलं असतं! जोतीरावांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. १८७३ पासून सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांत वधू-वरांनी परस्परांना वचनं देण्याची रीत त्यांनीच घालून दिली होती, आणि त्या रीतीत वधूला बोलावं लागतं. वयाच्या अटीपेक्षा ती जागा मला क्रांतिकारक वाटते. संमती म्हणजे वयाचा दाखला नव्हे, बोलता येणं आणि ते ऐकलं जाणं, याची तिथे सुरुवात आहे.

खटला उभा राहिला तेव्हा रखमाबाई विशीच्या होत्या. अल्पवयीन नव्हत्या, मारहाणीची तक्रार नव्हती. दादाजींची परिस्थिती, प्रकृती, ते ज्याच्या आश्रयाला होते त्याची वागणूक, ही कारणं मांडली गेली. पण त्या सगळ्यांखाली एक साधं वाक्य होतं: समज येण्याआधी लावलेलं लग्न मला बांधून ठेवत नाही, आणि हा माणूस मला नको. ‘नको’ हे कारण असू शकतं का? पिन्हे म्हणाले, असू शकतं. बाकी सगळे म्हणाले, नाही. आणि सुधारकांतले बरेचसेही मनातून नाहीच म्हणत होते. ते तिचा बचाव करत होते ते बालवधू म्हणून, नवरा कुचकामी म्हणून. नवरा चांगला, कमावता, निरोगी असता आणि तरी ती नको म्हणाली असती, तर समितीत किती जण उरले असते?

‘मग तिला कोण आवडत होतं?’

हा खटला वर्गात घेतला की हा प्रश्न हमखास येतो. कधी दबक्या आवाजात पुढचाही येतो: त्या समलिंगी होत्या का? प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण एका पुरुषाला नकार देणाऱ्या बाईकडे दुसरा पुरुष असणार, किंवा मग बाई असणार, अशी आपली बेरीज ठरलेली असते. तिला पुस्तकं हवी होती, दवाखाना हवा होता, स्वतःचं अंग स्वतःपाशी हवं होतं, हे उत्तर आपल्याला अपुरं वाटतं. प्रत्येक बाईच्या आयुष्याचा मध्यबिंदू कुणीतरी जोडीदार असलाच पाहिजे, हे गृहीतक किती खोल गेलं आहे ते या अपुरेपणावरून कळतं. ते गृहीतक टिळकांच्या पत्रांत होतं आणि माझ्या वर्गातल्या अत्यंत पुरोगामी पोरांतही असतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा हा खटला वाचताना माझ्याही मनात तोच प्रश्न आला होता.

आपल्या शब्दांकडे बघा. कुमारिका, सवाष्ण, विधवा, परित्यक्ता. ‘नवऱ्याने टाकलेली’ म्हणतात, ‘बायकोने टाकलेला’ म्हणत नाहीत. जिने लग्नाला नकार देऊन स्वतःहून बाहेर राहणं पत्करलं तिच्यासाठी शब्दच नाही. एका पुरुषाशी असलेल्या नात्याच्या निरनिराळ्या अवस्था एवढंच हे कोष्टक.

दोन हजार रुपये

शेवट तडजोडीने झाला. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. व्हिक्टोरिया राणीने हस्तक्षेप करून लग्न मोडलं ही कथा अजून जिथे तिथे फिरते. ती ऐकायला गोड आहे, पण प्रकरण मिटलं ते पैशावर. कैद भोगावी लागली नाही. पुरुषाला एक बायको असताना दुसरी करायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात ती आली १९४६ मध्ये. रखमाबाईंच्या बाजूला तसं दार नव्हतं.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी पुढाकार घेतला, पैसे उभे केले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये शिक्षण पुरं केलं, मग परतल्या, आणि पुढची कित्येक दशकं सुरत आणि राजकोटच्या बायकांच्या रुग्णालयांत काढली. लग्न पुन्हा केलं नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसायला घेतली, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत येते. वाचताना ठेच लागते. ज्या लग्नासाठी तुरुंगात जायची तयारी होती, त्याचं वैधव्य कशाला? मला यात विसंगती कमी आणि व्यवहार जास्त दिसतो. रुग्णालयात येणाऱ्या बायकांना, त्यांच्या सासवांना, नवऱ्यांना समोरची बाई कोण हे कळावं लागत होतं. कोष्टकातला एकच रकाना रिकामा होता, त्यात त्या बसल्या आणि कामाला लागल्या.

कलम ९

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी लागू झाला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या, नव्वदीच्या. त्या कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना आहे. कैद गेली होती, ती १९२३ च्या दुरुस्तीने. हुकूम न पाळणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद राहिली. कलमाची भाषा स्त्री-पुरुष दोघांना सारखी आहे. अर्ज दोघांनाही करता येतो. इंग्लंडने हा उपाय १९७० च्या कायद्याने मुळातूनच काढून टाकला.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. कुणाशी, केव्हा, मूल होऊ द्यायचं की नाही, हे निर्णय बाईच्या शरीराचे आहेत आणि राज्य ते तिच्या हातून काढून घेऊ शकत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. शंभर वर्षांनी पिन्हे यांचा मुद्दा घटनेच्या भाषेत परत आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने उलट निकाल दिला. घरात घटनेचा कायदा आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं, असं तिथे म्हटलं गेलं. आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात कलम ९ वैध ठरवलं. या कलमाचा हेतू लग्न टिकवणं हा आहे, असं सांगून. २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा आव्हान दिलं. घरातल्या बळजबरीला बलात्कार न मानण्याचा नवऱ्यासाठीचा अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आला. पत्नी अठरा वर्षांखाली नसेल तर.

मधल्या काळात दुसऱ्या बाजूने लोक त्याच दारावर आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध वगळले गेले आणि मग काही जोडप्यांनी लग्नाचा हक्क मागितला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो द्यायला नकार दिला. त्यांची मागणी मला मान्य आहे. फक्त ज्या घरात शिरायचं आहे त्याच्या दाराला आतून कोणती कडी आहे हे बघून शिरावं, आणि त्यासाठी रखमाबाईंचा खटला हाताशी असावा, असं वाटतं.

दिवाणी बाजूला वीस वर्षं काम केलेल्या एका वकीलबाईंना मी विचारलं होतं, नांदायला आणायचे अर्ज लावून कुणी खरंच नांदायला येतं का. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘कलम नऊ लावतात ते पोटगीला उत्तर म्हणून. तिने पोटगी मागितली की हा नांदवायला तयार होतो. हुकूम झाला, ती आली नाही, वर्ष गेलं की त्याच हुकुमावर घटस्फोट मागता येतो.’ जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुनःस्थापनेचा हुकूम पाळला नाही एवढ्यावरून बायकोची पोटगी आपोआप बुडत नाही, ती का गेली नाही हे बघावं लागेल. वकीलबाईंना तो निकाल पाठवला. त्यांचं उत्तर आलं: ‘बरं झालं. माझ्याकडे अशा तीन आहेत.’